जिनिव्हातला करार आणि तहसीलमधला इष्टांक

२६ जानेवारी १९७९ या दिवशी महाराष्ट्रात रोजगार हमी कायदा लागू झाला. खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर सरकारनं ते द्यायचं, आणि नाही देता आलं तर बेकारभत्ता द्यायचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावांची माती वाहणाऱ्या माणसांच्या गरजेतून, आणि त्या वेळचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून, हा कायदा उभा राहिला होता.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, १० एप्रिल १९७९ ला, मोरारजी देसाईंचं सरकार दिल्लीत असताना भारत संयुक्त राष्ट्रांच्या एका करारात सामील झाला. त्याच्या सहाव्या कलमात काम करण्याचा हक्क आहे.

त्या वेळी मंत्रालयात कुणी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या असतील असं मला वाटत नाही. एक गोष्ट मस्टरवर अंगठा उठवणाऱ्या मजुरांकडून वर आली होती, दुसरी परराष्ट्र खात्याच्या फायलीतून खाली येणार होती. या लेखात मला या दुसऱ्या वाटेबद्दल लिहायचंय. परदेशात मान्य केलेला कागद आपल्या तालुक्याच्या गावी पोचतो का, आणि पोचला तर कुठल्या दारानं?

कराराचं पूर्ण नाव आहे 'आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार'. १६ डिसेंबर १९६६ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो संमत केला आणि १९७६ च्या जानेवारीपासून तो अमलात आला. आज १७० हून अधिक देश त्यात आहेत. अमेरिकेनं १९७७ साली सही केली, पण पुढची पायरी, म्हणजे करार रीतसर मंजूर करणं, अजून केलेली नाही. करारातली यादी आपल्या रोजच्या जगण्याची आहे: काम, वाजवी मजुरी, संघटना, सामाजिक सुरक्षा, अन्न, वस्त्र, निवारा, आरोग्य, शिक्षण.

याला एक जुळं भावंडही आहे, नागरी आणि राजकीय हक्कांचा करार. भाषणस्वातंत्र्य, मतदान, मनमानी अटकेपासून संरक्षण हे सगळं त्यात आलं. दोन्ही एकाच दिवशी जन्मले. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात हे सगळे हक्क एकाच कागदावर होते. पण जाहीरनाम्यानं कुणी बांधलं जात नाही. बांधून घेणारा करार करायची वेळ आली तेव्हा देशांची ओढाताण सुरू झाली. शीतयुद्धाचे दिवस होते, त्यामुळे भाकरीचा हक्क एका गटाला जवळचा वाटायचा आणि बोलण्याचा दुसऱ्या गटाला. शेवटी दोन वेगळे करार करायचं ठरलं, आणि तसं म्हणणाऱ्या देशांत भारतही होता.

यात नवल नव्हतं, कारण आपण घरातही तेच केलं होतं. राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत, त्यांच्यासाठी कोर्टात जाता येतं. चौथ्या भागात मार्गदर्शक तत्त्वं आहेत: उपजीविकेचं साधन, काम, शिक्षण, पोषण. आणि ३७ वं कलम सरळ सांगतं की ही तत्त्वं कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, पण राज्यकारभार करताना ती मूलभूत मानावीत. म्हणजे बोलण्याचा हक्क मोडला तर खटला भरता येतो, उपाशी राहिलात तर सरकारनं लक्ष घालावं अशी अपेक्षा करता येते. हा भेद पुढच्या पन्नास वर्षांत कसा पुसट होत गेला, तीच खरी गोष्ट आहे.

आता कराराचं दुसरं कलम. सगळी मेख तिथं आहे. नागरी हक्कांच्या करारात सरकारनं अमुक करायचं नाही अशी ठाम भाषा सापडते. आपल्या करारात सरकार म्हणतं की, उपलब्ध साधनसंपत्तीचा जास्तीत जास्त वापर करून, टप्प्याटप्प्यानं, हे हक्क पूर्णपणे प्रत्यक्षात यावेत म्हणून मी पावलं उचलीन. कुठल्याही कसलेल्या बाबूला हे वाक्य वाचून हायसं वाटेल. पैसे नाहीत आणि टप्पा अजून आलेला नाही, एवढ्या दोन उत्तरांवर माणूस निवृत्त होऊ शकतो.

ही पळवाट कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या समितीच्याही लक्षात आली. जिनिव्हात बसणारी ही १८ तज्ज्ञांची समिती. तिनं १९९० साली या कलमाचा अर्थ लावून दिला, आणि त्यातले तीन मुद्दे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला, टप्प्याटप्प्यानं म्हणजे सावकाश नव्हे. पुढे सरकत राहायचं, आणि मागे यायचं असेल तर त्याचं सबळ कारण द्यायचं. दुसरा, प्रत्येक हक्काचा एक किमान गाभा असतो. मोठ्या संख्येनं लोक उपाशी असतील, प्राथमिक उपचारांना मुकत असतील, तर आपण जबाबदारी पाळतोय असं देशाला म्हणता येणार नाही, निदान सगळी साधनं पणाला लावली हे तरी त्यानं दाखवावं लागेल. तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: भेदभाव टाळण्याला टप्पे नसतात. गावात शाळेच्या चार खोल्या बांधायला दोन वर्षं लागली तर समजून घेता येईल. पण बांधलेल्या खोलीत एखाद्या जातीच्या मुलांना वेगळं बसवलं जात असेल, तर ते थांबवायला निधी लागत नाही, ते आजच थांबलं पाहिजे.

'सामाजिक हक्क म्हणजे खर्च' हा समजही याच ठिकाणी तपासून घ्यावा. निवाऱ्याचंच पाहा. सरकारनं कुणाचं झोपडं बेकायदा पाडू नये, ही झाली एक जबाबदारी. बिल्डरच्या माणसांनी ते पाडू नये म्हणून पोलिसांनी उभं राहावं, ही दुसरी. आणि ज्याला घरच नाही त्याला ते मिळावं अशी व्यवस्था करावी, ही तिसरी. समितीच्या भाषेत यांना आदर, संरक्षण आणि पूर्तता म्हणतात. मोठा पैसा लागतो तो तिसऱ्या जबाबदारीला. पहिलीला फक्त हात आवरावा लागतो.

आता करार देशात येण्याच्या दाराशी जाऊ. काही देशांत, उदाहरणार्थ नेदरलँड्समध्ये, मंजूर झालेला करार आपोआप देशाच्या कायद्याचा भाग होतो. ब्रिटनमध्ये तसं नाही, आणि त्या परंपरेतून आलेल्या भारतातही नाही. आपल्याकडे करार करणं हे केंद्र सरकारचं काम आहे आणि त्याला संसदेची आगाऊ परवानगी लागत नाही. पण करारामुळे नागरिकांच्या हक्कांवर परिणाम होणार असेल किंवा चालू कायदा बदलणार असेल, तर संसदेला कायदा करावा लागतो. कच्छच्या रणाच्या सीमेवरून झालेल्या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. त्यासाठी घटनेचं २५३ वं कलम आहे. ते एरवी फारसं चर्चेत नसतं, पण त्याची ताकद मोठी: एखादा विषय राज्यांच्या यादीतला असला तरी आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसद त्यावर सगळ्या देशाला लागू होणारा कायदा करू शकते.

मग कायदा होईपर्यंत करार नुसताच कपाटात? तसंही नाही. १९८० सालचा एक खटला याचं उत्तर देतो. केरळमधल्या एका बँकेनं थकीत कर्जदारांविरुद्ध हुकूमनामा मिळवला होता आणि त्यांना तुरुंगात टाकण्याची मागणी केली होती. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद होती. पण भारत नुकताच ज्या जुळ्या करारात सामील झाला होता, त्यात म्हटलं होतं की केवळ देणं फेडता येत नाही म्हणून कुणाला कैदेत टाकू नये. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मांडलेला निष्कर्ष असा: करार म्हणजे आपला कायदा नव्हे, त्याच्या जोरावर थेट काही मागता येणार नाही, पण आपल्या कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर कराराशी जुळणारा अर्थ घ्यावा. म्हणून पैसे असून बुडवणारा वेगळा आणि नसल्यानं अडलेला वेगळा, हे पाहिल्याशिवाय अटक नाही. गरिबी हा गुन्हा नव्हे, हे त्यांनी अशा रीतीनं करारातून नव्हे तर आपल्याच संहितेतून वाचून काढलं.

आणखी एक बारकी गोष्ट. सामील होताना भारतानं काही खुलासे जोडले. स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखालच्या लोकांपुरता आहे, स्वतंत्र देशाच्या एखाद्या भागाला तो लागू नाही, हा त्यातला एक. त्यावर फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी आक्षेप घेतला. दुसरा खुलासा असा की, नोकरीत बढतीची समान संधी देणारी तरतूद आम्ही आमच्या घटनेच्या १६(४) या कलमाशी सुसंगत राहूनच लागू करू. १६(४) म्हणजे आरक्षण. करार मान्य करताना त्यात घरची अट घालून ठेवण्याची ही रीत बरेच देश वापरतात. आपली अट मात्र हक्क कमी करणारी नव्हती, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता मुंबईत येऊ. १९८१ चा जुलै, भर पावसाळा. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं की फूटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी परत पाठवायचं. माणसांना बसमध्ये भरून शहराबाहेर नेलं गेलं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही फूटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातला एकजण तमिळनाडूतल्या सेलम भागातून दुष्काळ आणि बेकारीमुळे मुंबईत आलेला भूमिहीन मजूर होता. म्हणजे ज्या कारणासाठी महाराष्ट्रात रोजगार हमी आली, त्याच कारणासाठी तो गाव सोडून आला होता.

त्यांच्या बाजूचा युक्तिवाद साधा होता. आम्ही इथं हौसेनं राहत नाही. काम इथं आहे, आणि कामाजवळ राहायचं तर फूटपाथशिवाय जागा परवडत नाही. फूटपाथ गेला की काम गेलं, आणि काम गेलं की जगणं गेलं. घटनेचं २१ वं कलम जगण्याच्या हक्काची हमी देतं, मग जगण्याचं साधन काढून घेता येईल का?

१० जुलै १९८५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. तो लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. त्यासाठी त्यांनी चौथ्या भागातली मार्गदर्शक तत्त्वं उचलली आणि तिसऱ्या भागातल्या २१ व्या कलमात अर्थ म्हणून ओतली. स्वतःहून कोर्टात न चालणारं तत्त्व कोर्टात चालणाऱ्या हक्काच्या पोटातून आत आलं.

पण याचिका करणाऱ्यांच्या हाती काय लागलं? हे सांगताना बरेच लेख घाई करतात. न्यायालयानं महापालिकेचा अतिक्रमण हटवण्याचा अधिकार कायम ठेवला. १८८८ च्या महापालिका कायद्यातलं विनानोटीस हटवण्याचं कलमही घटनाबाह्य ठरवलं नाही. एरवी नोटीस द्यायलाच हवी, असा त्याचा अर्थ लावला, इतकंच. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत नोंद होऊन ज्यांना ओळखपत्र मिळालं होतं, त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली. आणि पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कुणाला हटवू नका असं सांगितलं. तत्त्व जिंकलं, फूटपाथ गेला. गणनेचं वर्ष आणि ओळखपत्र यावर माणसाचा निवारा ठरण्याची मुंबईची सवय इथून पक्की झाली असं माझं मत आहे. '९५ च्या आधीचे की २००० च्या आधीचे, हा प्रश्न आजही प्रत्येक झोपडपट्टी पुनर्वसनात पहिला विचारला जातो.

करार या सगळ्यात कुठे होता? जवळजवळ कुठेच नाही. निकाल उभा आहे तो आपल्याच घटनेवर. आणि गंमत अशी की, सक्तीनं घरं रिकामी करवण्याबद्दल जिनिव्हाच्या समितीनं सविस्तर नियम मांडले ते १९९७ साली: आधी नोटीस द्या, लोकांचं म्हणणं ऐका, खराब हवामानात आणि रात्री कारवाई करू नका. पावसाळ्यात झोपडं पाडू नये हे मुंबईच्या खटल्यात १२ वर्षं आधीच लिहिलं गेलं होतं. तेव्हा वरून खाली असा एकेरी रस्ता कुणी रंगवत असेल तर तो खरा नाही.

करार न्यायालयात उघडपणे अवतरतो तो नव्वदच्या दशकात. १९९५ च्या डिसेंबरात निकाल लागलेल्या चमेली सिंग खटल्यात उत्तर प्रदेश सरकारनं दलितांच्या घरांसाठी जमीन संपादित केली होती आणि जमीनमालकांनी त्याला आव्हान दिलं होतं. आमची जमीन घेणं म्हणजे आमची उपजीविका घेणं, असं ते म्हणत होते. ऑल्गा टेलिसचं हत्यार आता जमीनदाराच्या हातात आलं होतं! न्यायालयानं संपादन कायम केलं आणि निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगताना कराराच्या ११ व्या कलमाचा, अन्न-वस्त्र-निवाऱ्याच्या हक्काचा, नाव घेऊन आधार घेतला. बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवल्याच्या प्रकरणाचा निकाल न्यायालयानं १९९६ साली दिला. तातडीचे उपचार देणं हे सरकारचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं ठरलं. कराराचा किमान गाभा तो हाच, फक्त भाषा आपल्या घटनेची.

सगळ्यात धीट पाऊल मात्र वेगळ्या करारावरून पडलं. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या कराराला भारतानं १९९३ साली मंजुरी दिली होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल देशात कायदाच नव्हता. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, देशाचा कायदा गप्प असेल आणि करार मूलभूत हक्कांशी विसंगत नसेल, तर ती पोकळी करारानं भरता येते. संसद कायदा करीपर्यंत आमची मार्गदर्शक सूत्रं हाच कायदा. संसदेनं कायदा केला २०१३ साली, १६ वर्षांनी.

आता भुकेकडे वळू, कारण करार आपल्या दाराच्या सगळ्यात जवळ आला तो इथं. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि अन्न महामंडळाची गोदामं भरून वाहत होती. एका नागरी हक्क संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयानं अंतरिम आदेश दिला. त्यात एक साधी युक्ती होती: केंद्र सरकारच्या आठ चालू अन्नयोजना न्यायालयानं लोकांचे हक्क म्हणून बांधून टाकल्या. योजना सरकार मनात आलं की बंद करू शकतं, हक्क तसा बंद करता येत नाही. शाळेत कोरडे तांदूळ वाटण्याऐवजी शिजवलेलं जेवण द्या, वर्षाला किमान २०० दिवस, ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, इतक्या बारकाईनं आदेश निघाले. अंमलबजावणी पाहायला न्यायालयानं स्वतःचे आयुक्त नेमले. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी खिचडीचा वास येतो त्यामागं हा आदेश आहे.

या खटल्याच्या जोरावर आणि बाहेरच्या चळवळीच्या रेट्यानं २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्याच्या २०११ साली मांडलेल्या विधेयकाला जोडलेल्या उद्देशपत्रात घटनेच्या ४७ व्या कलमाबरोबर मानवी हक्कांचा जाहीरनामा आणि आपला हा करार यांचाही उल्लेख आहे. भारत या कराराचा 'स्वाक्षरीकर्ता' असल्यानं अन्नाचा हक्क मान्य करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, असं ते म्हणतं. (काटेकोर बोलायचं तर भारतानं सही केलेली नाही, तो थेट सामील झाला. पण इतकी चूक माफ.) करार अन्नाच्या कायद्यापर्यंत आला तो असा, ३२ वर्षांनी, उद्देशपत्रातल्या एका वाक्यातून.

कायद्यानं काय दिलं? गावांतल्या ७५ टक्के आणि शहरांतल्या ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया. २०२३ च्या जानेवारीपासून तेही मोफत. महाराष्ट्रात अंमलबजावणी सुरू झाली १ फेब्रुवारी २०१४ ला.

आणि इथं, रेशनच्या दुकानाच्या अलीकडे, गाडी अडते. कायद्याची टक्केवारी लोकसंख्येवर, आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. त्यावरून देशाची कमाल संख्या ठरली सुमारे ८१ कोटी ३५ लाख, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला आले सुमारे ७ कोटी. पुरवठा शाखेच्या भाषेत हा 'इष्टांक'. नवीन लग्न झालं, कुटुंब विभक्त झालं, मूल जन्मलं, मजूर मराठवाड्यातून पुण्याला आला, की तो तहसीलमध्ये अर्ज करतो आणि पुष्कळदा एकच उत्तर ऐकतो: इष्टांक शिल्लक नाही. नवा माणूस आत यायचा तर कुणीतरी बाहेर पडावं लागतं, मृत्यूनं नाहीतर पडताळणीत नाव कमी होऊन. कराराच्या दुसऱ्या कलमाशी हे ताडून पाहा. टप्प्याटप्प्यानं पुढे जायचं असं आपण १९७९ साली लिहून दिलं. कायद्यानं मात्र एक जिना बांधला आणि पहिल्याच मजल्यावर स्लॅब टाकून तो बंद केला.

यावर दाद कुठे मागायची? जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग कायद्यातच आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आहे. तो ज्या १९९३ च्या कायद्यानं जन्मला, त्यात मानवी हक्कांच्या व्याख्येत हे दोन्ही जुळे करार नाव घेऊन आले आहेत. पण व्याख्येला एक शेपूट जोडलंय, 'आणि भारतातल्या न्यायालयांकडून बजावून घेता येण्याजोगे'. करार दारातून आत घेतला आणि खुर्ची दिली नाही, असा हा प्रकार.

थेट जिनिव्हाला जाता येईल का? नाही. कराराला २००८ साली एक पूरक करार जोडला गेला, २०१३ पासून तो अमलात आहे. त्यात सामील देशांतल्या माणसाला, घरचे सगळे मार्ग थकल्यावर, समितीकडे वैयक्तिक तक्रार करता येते. भारत त्यात नाही.

मग समितीचं काम काय? हिशेब घेणं. प्रत्येक देशानं साधारण पाच वर्षांनी अहवाल द्यायचा: काय ठरलं होतं, काय झालं, कुठं अडलं. समिती प्रश्न पाठवते, संघटना आपले समांतर अहवाल देतात, सरकारी शिष्टमंडळ समोर बसून उत्तरं देतं, आणि शेवटी समिती निरीक्षणं लिहिते. त्यांची सक्ती नसते. पण सरकारला एका टेबलावर सगळ्या खात्यांची उत्तरं घेऊन बसावं लागतं, आणि हे देशातली कुठलीही संस्था करत नाही. विधिमंडळात आरोग्याचा प्रश्न आरोग्यमंत्र्याला जातो, रेशनचा अन्नमंत्र्याला. इथं एकच पक्षकार असतो, देश. जमीन, सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यांचे आहेत, असं म्हणून केंद्राला हात झटकताही येत नाहीत, कारण कराराचं २८ वं कलम म्हणतं की संघराज्याच्या सर्व भागांना तो कुठल्याही अपवादाशिवाय लागू आहे.

भारतानं हा अभ्यास कसा केला? परीक्षेच्या आदल्या रात्री चार जर्नल्स पूर्ण करणाऱ्या मुलासारखा. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे अहवाल एकत्र करून २००६ साली दिले. २००८ च्या मे महिन्यात सुनावणी झाली. समितीनं जातीय भेदभाव, हातानं मैला वाहण्याची प्रथा, प्रकल्पांसाठी होणारं विस्थापन यांवर बोट ठेवलं. आणि विदर्भातल्या वाचकाला ओळखीची वाटेल अशी एक नोंद त्यात आहे: शेतकऱ्यांच्या आत्महत्या, आणि कापूस क्षेत्रात जनुक बदललेल्या बियाण्यांमुळे वाढलेला बियाणं-खत-कीटकनाशकांचा खर्च. कर्जमाफी राबवाच, पण त्याशिवाय पुन्हा पेरता येईल असं बियाणं घ्यायला शेतकऱ्याला अनुदान द्या, असं समितीनं सुचवलं. यवतमाळच्या कृषी केंद्रावरची चर्चा जिनिव्हाच्या दस्तऐवजात, तीही इतक्या नेमक्या शब्दांत!

पुढचा अहवाल ३० जून २०११ पर्यंत द्यायचा होता. ती तारीख टळली. त्यानंतर दहा वर्षं लोटली तरी अहवाल गेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत दर साडेचार वर्षांनी होणाऱ्या सार्वत्रिक आढाव्याला भारत हजर असतो, २०२२ सालीही होता. पण तिथं सगळे हक्क काही तासांत उरकले जातात आणि प्रश्न विचारणारी इतर सरकारं असतात, त्यांनाही आपापले संबंध सांभाळायचे असतात.

म्हणजे चित्र असं उलटं आहे. जे काम करारावाचून होऊ शकलं असतं, ते आपण करारापेक्षा चांगलं केलं. दक्षिण आफ्रिकेनंही तेच केलं: निवाऱ्याचा हक्क १९९६ च्या घटनेतच लिहिला, त्यावर २००० साली गाजलेला निकाल दिला, आणि करार मंजूर केला २०१५ साली. आपल्याकडे रोजगार हमी, २००२ ची शिक्षणाच्या हक्काची घटनादुरुस्ती, अन्नसुरक्षा हे सगळं इथल्या मातीतून आलं, करारानं फार तर टेकू दिला. पण जे फक्त करारच देऊ शकतो, म्हणजे परक्या टेबलावर बसून सगळ्या देशाचा हिशेब देणं, तेच आपण टाळलं.

ज्यांना हा करार प्रत्यक्ष वापरायचाय त्यांनी अर्जात किंवा याचिकेत क्रम सांभाळावा. आधी कायद्याचं कलम, मग घटनेचं २१ वं कलम, आणि त्यानंतर 'भारत ज्यात १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला त्या कराराचं ११ वं कलम'. क्रम उलटा केला तर समोरचा वकील पहिल्याच वाक्याला उठतो आणि १९८० चा तो निकाल वाचून दाखवतो.